२७ इंचांतला पद्मपाणि

मोठ्या मॉनिटरचं मला वेड आहे. मेहरूणच्या घरी २७ इंची फोर-के मॉनिटरवर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणि उघडला की मुकुटाची नक्षी, मोत्यांची माळ, गिलाव्याला गेलेल्या भेगासुद्धा दिसतात. तिथून साठेक किलोमीटरवरच्या प्रत्यक्ष लेण्यात, कठड्यामागून, मंद उजेडात एवढं दिसत नाही. मग मॉनिटरवरचा पद्मपाणि अधिक खरा म्हणायचा का?

तपशिलापुरता, हो. पण भिंतीवर तो एकटा नाही. गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला दुसरा बोधिसत्त्व आणि आत अंधारात दगडातला बुद्ध. त्याच्या झुकलेल्या नजरेला अर्थ येतो तो या मांडणीतून. आपण चित्र मोठं करत जातो तसं दार चौकटीबाहेर जातं आणि उरतं एक देखणं व्यक्तिचित्र.

हा सोस जुना आहे. रॉबर्ट गिलची १८४४ साली अजिंठ्याच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. त्याची भव्य तैलचित्रं म्हणजे लंडनकरांचा मोठा पडदाच. त्यांतली बहुतेक १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. गिलची कबर आपल्या भुसावळला आहे.

म्हणून मी आधी दोन्ही बोधिसत्त्व आणि मधलं दार दाखवणारं छायाचित्र उघडतो, पद्मपाणि नंतर. लहान पडद्यावर ही भिंत नुसती ओळखू येते. मोठ्यावर ती सलग वाचता येते. माझ्या वेडाचं समर्थन एवढंच.