डोंबिवलीच्या श्रोत्याला जॅझ कोण ऐकवणार?

ख्यालाच्या बैठकीत तीन तास मांडी न मोडता बसणारा आमच्याकडचा श्रोता जॅझचं नाव काढलं की ‘ते हॉटेलातलं संगीत’ म्हणून मोकळा होतो. खरं तर जॅझला लागणारा कान त्याच्यापाशी तयार आहे. चार-पाच वादकांचा चमू बत्तीस बारची एखादी चाल घेतो, ती एकदा सरळ वाजवतो आणि मग तेच आवर्तन फिरत ठेवून एकेक जण त्यावर उपज करतो. ड्रम आणि बास ठेका धरतात, पियानोवाला मधूनमधून कॉर्ड टाकत सॅक्सोफोनवाल्याला उचकवतो. ठाण्याच्या सहयोग मंदिरात समेला मान हलवणाऱ्याला यात परकं काय वाटावं? अडचण एकच. आपला षड्ज हलत नाही, जॅझमध्ये खालची कॉर्ड सतत बदलते. आत्ता घरी पोचल्यासारखा वाटणारा सूर दोन बारनंतर टोचू लागतो. पण एवढं तर ऐकून ऐकून समजतंच.

ऐकायला मात्र मिळतो तो ऑर्केस्ट्रा. ठाण्याचं गडकरी रंगायतन, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणचं अत्रे रंगमंदिर, कुठेही जा, जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमाला गर्दी ठरलेली. त्या म्युझिशियन मंडळींबद्दल मला आदर आहे. सॅक्सचा, अ‍ॅकॉर्डियनचा अवघड पीस ते समोर कागद न ठेवता तंतोतंत उतरवतात. पण कसोटी तीच एक: रेकॉर्डसारखं झालं का? एखाद्याने स्वतःच्या चार जागा घेतल्या तर शिट्टीऐवजी कुजबुज ऐकू येते. या सवयीने वादकांच्या दोन पिढ्या जॅझच्या नेमक्या उलट दिशेला घडवल्या. पोटाचा प्रश्न असल्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. आयोजकांना आणि आपल्याला देता येतो.

गंमत अशी की यातले कितीतरी पीस मुळात जॅझवाल्यांनीच वाजवलेले. 1935 साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडप्रमुख आपला चमू घेऊन मुंबईला ताजमध्ये आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले, आणि गोव्याच्या चर्चशाळांमधून नोटेशन शिकून आलेल्या पोरांना एक नवी वाट दिसली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला, ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगचा बाज वाजवू लागला. रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांना, हा माणूस भेटला म्हणून 1951च्या ‘अलबेला’चा तो उसळता रिदम आपल्याला मिळाला, भगवानदादांच्या त्या चित्रपटात चिक आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशनसाठी अ‍ॅरेंजिंग करणारे सेबॅस्टियन डिसूझा याच गोवेकर परंपरेतले. गाणं घराघरांत गेलं, वादकांची नावं मात्र तबकडीवर आली नाहीत.

शंकर-जयकिशन यांनी 1968 साली ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली तेव्हा ही उणीव थोडी भरून निघाली. अकरा राग, रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, तबल्याशेजारी लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम. ध्वनिमुद्रण आजही ताजं वाटतं. तरीही माझ्या लेखी तो अर्धाच प्रयोग. तुकडे आटोपशीर, बरंचसं आधी बांधलेलं. कोणी कोणाला अडचणीत टाकत नाही. सतारीने काही अनपेक्षित केलं आणि सॅक्सला वाट बदलावी लागली, असा क्षण मी त्यात शोधतो आणि तो सापडत नाही. दिवाळी पहाटेच्या मंचावर जे फ्यूजन चालतं, त्यात हाच दोष दसपट होतो. बासरी वाजते, मग कीबोर्ड, मग तबला-ड्रम सवालजवाब, तिहाई, टाळ्या. खाली कॉर्ड एकच, तासभर. 1975च्या ‘शक्ती’ या फ्यूजन चमूचं नाव घेऊन हे खपवलं जातं, ते तर फारच खटकतं.

मुंबईत चांगला जॅझ ऐकण्याची सोय अधूनमधून झाली. निरंजन झवेरींनी 1978 साली ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला, पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स आले. धोबी तलावचं रंगभवन मोक्याचं होतं, कार्यक्रम संपला की चालत सीएसएमटी (तेव्हाचं व्हीटी) आणि तिथून लोकल. शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन गप्प झालं. 2007 साली लोअर परळला उघडलेलं ‘ब्लू फ्रॉग’ 2016 साली मिटलं. आता उरले ते एनसीपीए आणि काही हॉटेलं-पब, जिथला पहिला सूर लागेपर्यंत डोंबिवलीकराला शेवटच्या गाडीची चिंता सुरू होते. सीएसएमटीपासून डोंबिवली अठ्ठेचाळीस किलोमीटर. वादकाचंही तेच, शिवाय डबल बास घेऊन संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये चढून दाखवा. इलेक्ट्रिक बासवर भागवावं लागतं, आणि लाकडाचा तो जाड, श्वास घेणारा आवाज हरवतो.

घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये आज ड्रम, गिटार, कीबोर्ड शिकणारी मुलं पुष्कळ. ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा भराभर पास होतात, बोटं माझ्या पिढीपेक्षा कितीतरी तयार. पण ती वाजवतात मोबाइलवरच्या ट्रॅकसोबत. ट्रॅक ऐकत नाही, रुसत नाही, लय ओढत नाही. चमू घडतो तो त्याच चौघांनी आठवड्यामागून आठवडे एकत्र बसण्याने, आणि नेमकं ते बसणंच कुठे होत नाही. ठाण्याचा किंवा डोंबिवलीचा म्हणून ओळखला जावा असा जॅझचा चमू माझ्या तरी ऐकिवात नाही. त्यासाठी रंगायतन नकोच. शंभर-दीडशे खुर्च्यांची जागा, एक बरा ड्रमसेट, सुरात लावलेला पियानो आणि महिन्यातली एक ठरलेली संध्याकाळ पुरे. बैठकींसाठी अशा जागा आपल्या मंडळांनी वर्षानुवर्षं सांभाळल्याच आहेत.

राहिला प्रश्न, वाजवायचं काय? सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनने 1960 साली ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ वाजवलं तेव्हा ते वर्षभरापूर्वीच्या ब्रॉडवे नाटकातलं गाणं होतं. लोकांना चाल पाठ, म्हणून तिचं काय होतंय हे कळत होतं. आपल्या श्रोत्याला सी. रामचंद्र पाठ आहेत. ‘अलबेला’ची एखादी चाल घ्यावी, एकदा सरळ वाजवावी, मग कॉर्ड बदलून बघाव्यात आणि चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटची जागा आली की तिथे तो पीस मुळीच वाजवू नये. पहिल्या कार्यक्रमाला कुजबुज होईल. दुसऱ्यालाही होईल बहुतेक.