दहा वर्षे आधी आलेले काडतूस

सर्जिओ लिओने यांच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या चित्रपटातली एक चूक आता इतकी प्रसिद्ध आहे, की ती सांगणाऱ्याला अभ्यासक म्हणवून घेता येत नाही. चित्रपट घडतो १८६२ साली, अमेरिकी यादवी युद्धात, जनरल सिब्ली न्यू मेक्सिकोतून माघार घेत असताना. पात्रांच्या कमरेला मात्र पितळी काडतुसांचे पट्टे आहेत, आणि क्लिंट ईस्टवुडच्या हातातले कोल्ट कंपनीचे ‘१८५१ नेव्ही’ पिस्तूल काडतुसावर चालते. असे रूपांतरित नेव्ही पिस्तूल प्रत्यक्षात १८७३च्या सुमारास आले. चूक दहा-अकरा वर्षांची आहे.

या चुकीबद्दल लिहिणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक पंथ ती यादीत टिपून मोकळा होतो. दुसरा म्हणतो, कलेला कसली आली तारीख? मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. कलाकृतीत चुकीची वस्तू आली तर ‘ती केव्हाची’ एवढे विचारून भागत नाही. तिच्यामुळे काय घडू शकले आणि काय घडायचे राहून गेले, हे पाहावे लागते. त्यासाठी थोडे यंत्रात शिरणे भाग आहे. माझे शिक्षण ना इतिहासाचे ना यंत्रशास्त्राचे; जुनी पेटंटे आणि कारखान्यांची सूचिपत्रे वाचत ही विद्या मी जमवली. तेव्हा शक्य तितके सोपे सांगतो.

कोकणात ज्यांनी ठासणीची बंदूक भरताना पाहिली आहे, त्यांना निम्मे काम ठाऊकच आहे. नेव्ही पिस्तूल म्हणजे ठासणीच्या सहा बंदुका एका फिरत्या चक्रीत बसवलेल्या. प्रत्येक घरात पुढून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांड्याने ती दाबून बसवायची. एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून तोंडाला चरबी लावायची. मग चक्रीच्या मागच्या बाजूला प्रत्येक घरामागे जे बारीक पोकळ टोक असते, त्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की आतले स्फोटक पेटते आणि ठिणगी दारूपर्यंत जाते. दिवाळीत मुलांच्या पिस्तुलातली टिकली फुटते ती याच तत्त्वावर. हे सगळे सहा वेळा. कागदात बांधलेली तयार पुडी वापरली तर वेळ वाचतो, पण टोप्या सुटत नाहीत.

इथे मराठी वाचकाला आपलाच शब्द दगा देतो. काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ आठवते. ते काडतूस म्हणजे दारू आणि गोळी बांधलेली कागदाची पुडी होती. ती दाताने फाडून नळीत ओतावी लागे. धातूचे काडतूस हा वेगळा प्राणी. त्याच्या रिमफायर जातीत पातळ तांब्याच्या पुंगळीच्या बुडाला जी कड असते, तिच्या आतच स्फोटक भरलेले असते. घोड्याचे टोक कडेवर बसले, कड चेपली, की बार. टोपी, दारू, गोळी सगळे एका पुंगळीत. मागून घातले की झाले.

गंमत अशी, की हे काडतूस आणि ते झाडणारे चक्रीचे पिस्तूल १८६२ साली अस्तित्वात होते. स्मिथ अँड वेसन कंपनीने .२२ कॅलिबरचे असे छोटे पिस्तूल १८५७ सालीच बाजारात आणले होते, १८६१ मध्ये .३२चेही आणले, आणि युद्धात अनेकांनी ते स्वतःच्या पैशांनी घेतले. मग कोल्टने आपल्या मोठ्या पिस्तुलांसाठी तेच का केले नाही? कारण रोलिन व्हाइट नावाच्या माणसाने ३ एप्रिल १८५५ रोजी पेटंट घेतले होते. पेटंटाचा कळीचा मुद्दा एवढाच, की चक्रीतली घरे आरपार भोक पाडलेली असतील. आरपार भोक नसेल तर काडतूस मागून घालायचे कुठून? स्मिथ अँड वेसनने दर पिस्तुलामागे २५ सेंट देऊन तो हक्क एकट्याकडे घेतला, आणि हक्कभंगाचे खटले चालवण्याचा खर्च व्हाइटच्या माथी टाकला.

म्हणजे शिलोपासून गेटिसबर्गपर्यंत माणसे टोप्या बसवत लढली, त्यामागे अज्ञान नव्हते. भोकावरची मालकी होती. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली. व्हाइटला मुदतवाढ मागता यावी म्हणून काँग्रेसने विधेयक मंजूर केले, ते राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७०मध्ये नाकारले. लष्कराच्या शस्त्रविभागाचे त्यांच्यापुढचे म्हणणे असे होते, की हे पेटंट इतर कारखानदारांना वापरता न आल्याने युद्धकाळात सरकारची पुरेशी अडचण झालेली आहे.

रेमिंग्टनने १८६८ मध्ये मोबदला भरून आपली टोपीची पिस्तुले .४६ रिमफायरसाठी बदलून घेतली. सहाऐवजी पाच घरे झाली. कोल्टने त्याच वर्षी पळवाट शोधली: थ्युअरच्या पद्धतीत काडतूस पुढून घालायचे. ते फारसे चालले नाही. मुदत संपल्यावर रिचर्ड्स आणि मेसन यांच्या पद्धती आल्या. चक्रीचा मागचा भाग कापून तिथे नवी चकती बसवायची आणि ठासण्याच्या दांड्याच्या जागी रिकामी पुंगळी ढकलणारी सळई द्यायची. कारखान्यात युद्धातून उरलेले सुटे भाग पडून होते, लोकांकडे जुनी पिस्तुले होती, आणि नव्यापेक्षा रूपांतर स्वस्त पडत होते. जुन्या लुगड्याची गोधडी, इतका साधा व्यवहार. तरी आडगावात कित्येकांनी टोपीच बरी मानली, कारण दारू आणि शिसे कुठेही मिळे, पण रिमफायरची पुंगळी एकदा झाडली की पुन्हा भरता येत नसे.

आता चित्रपटाकडे. त्यातली पिस्तुले इटालियन बनावटीची होती. अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीमुळे तिकडे जुन्या पिस्तुलांच्या प्रतिकृतींना मागणी होती, आणि ती ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदूककारांच्या गावात पुरवली जात होती. टोपीच्या त्या प्रतिकृती चित्रीकरणात पुनःपुन्हा भरणे जिकिरीचे. त्या काडतुसाच्या केल्या गेल्या त्यामागे हीच सोय असावी, असे मला वाटते. कोल्टने १८७०च्या दशकात जे केले, तेच इटलीत शंभर वर्षांनी पुन्हा झाले.

पण सोयीने काय नेले? टुको बंदुकीच्या दुकानात शिरतो तो प्रसंग घ्या. ईली वॉलक यांनी तो बराचसा ऐनवेळी रचला असे सांगतात. टुको एकेक पिस्तूल सुटे करतो, एकाची नळी, दुसऱ्याची चक्री जुळवतो, चक्री कानाशी फिरवून ऐकतो. हे अस्सल १८६२ आहे. कोल्टची पाचर काढली की नळी सुटी होते, आणि त्या पिस्तुलाची रचनाच असे जोडकाम शक्य करते. मग टुको काडतुसे मागतो आणि क्षणात आपण १८७३मध्ये येतो. त्याने दुकानदाराकडे पाहत, सावकाश, सहा घरे ठासली असती तर? समोरच्या गरीब म्हाताऱ्याला कळते आहे की आपण लुटले जाणार, आणि लुटारू त्याच्यासमोरच हत्यार भरतो आहे, घाई न करता. वाट पाहायला लावण्यात लिओने यांचा हात धरणारा दिग्दर्शक नाही. त्यांची कीर्तीच मुळी थांबलेल्या क्षणांवर उभी आहे. त्यांच्या हातात त्या काळातले सर्वांत संथ हत्यार होते, आणि त्यांनी ते जलद करून घेतले.

हॉटेलातला प्रसंग याहून बोलका आहे. ईस्टवुड पिस्तूल सुटे करून साफ करतो आहे. बाहेर सैन्य चालले आहे, त्या पावलांच्या आवाजात मारेकरी जिना चढतात. सैन्य थांबते, रिकिबीच्या काट्याचा आवाज येतो, आणि तो झटकन जोडणी करतो. टोपीचे पिस्तूल असते तर हा प्रसंग शक्यच नव्हता, असे कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. आधीच भरलेली दुसरी चक्री जवळ असेल तर ती बसवून पाचर ठोकायला फार वेळ लागत नाही. प्रसंग टिकला असता, उलट पलंगावर पडलेली ती भरलेली चक्री प्रेक्षकाने आधीच पाहून ठेवली असती.

ईस्टवुड यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘द आउटलॉ जोसी वेल्स’मध्ये (१९७६) याचे उत्तर सापडते. मिसुरीचे गनिमी लढवय्ये अनेक पिस्तुले बाळगत, कारण लढाईत एक भरत बसणे परवडत नसे. जोसीही तसाच. म्हणून शेवटी तो शत्रूसमोर एकामागून एक रिकामी पिस्तुले काढून चाप ओढत राहतो, तेव्हा त्या कोरड्या टकटकीत सगळ्या युद्धाची दमणूक ऐकू येते. काडतुसांचा पट्टा कमरेला असता तर तो प्रसंग सुचलाच नसता.

दफनभूमीतल्या तिघांच्या शेवटच्या सामन्याबद्दल एक गोष्ट राहिली. टुकोचे पिस्तूल ईस्टवुडने आदल्या रात्री रिकामे करून ठेवलेले असते. काडतुसे चक्रीच्या मागून गुपचूप काढून घेता येतात, म्हणून ही युक्ती जमते. टोपीच्या पिस्तुलात ती याहून सोपी होती: गोळ्यांना हात न लावता सहा टोप्या काढल्या की हत्यार मेले. पण टोप्या मागून उघड्या दिसतात. दुकानात चक्रीचा आवाज कानाशी धरून पारखणारा टुको सकाळी पिस्तूल गळ्यात अडकवताना एकदा तरी तिकडे पाहणारच, आणि मग त्या वर्तुळात तो कशाला उभा राहिला असता?