दिमदिमच्या वेढ्याचीं दोन साधनें

इराण व तुर्कस्थान यांच्या सीमेवरील डोंगरांत, झाग्रोस पर्वताच्या वायव्य टोंकास, उर्मिया सरोवराच्या पश्चिमेस दिमदिम नांवाचा किल्ला होता. ब्रादोस्त कुर्दांचा नायक अमीर खान यानें तो नव्यानें बांधला. शाह अब्बासाच्या फौजेनें 1609 च्या नोव्हेंबरांत त्यास वेढा घातला व 1610 च्या उन्हाळ्यांत तो घेऊन आंतील लोकांची कत्तल केली. या प्रसंगाचीं मुख्य साधनें दोन : इस्कंदर बेग मुनशी याची फारसी तवारीख 'आलमआराय अब्बासी', आणि कुर्दी गायक गातात तो दिमदिमचा 'बेत', म्हणजे आपल्याकडील पोवाड्यासारखी रचना. शरफखान बिदलीसीचा 'शरफनामा' येथें निरुपयोगी. तो 1597 सालींच पुरा झाला.

मुनशीस प्रमाण मानणारे अमीर खानास बंडखोर म्हणून मोकळे होतात. मुनशी हा वजीर हातेम बेग याच्या निकटचा. वेढ्याचा सेनापति हाच हातेम बेग, व वेढा चालू असतांनाच तो मरण पावला. तेव्हां तारखा, मोर्चे, सरदारांचीं नांवें यांसाठीं याहून चांगला साक्षीदार मिळणें कठीण. परंतु निष्ठा कोणी मोडली याचा निवाडा त्याजकडे सोंपवितां येत नाहीं.

मौज अशी कीं, त्या निवाड्यास लागणारा पुरावा त्यानेंच पुरविला आहे. तुर्की मुलखांतून पळून आलेल्या जलाली बंडवाल्यांना शाहानें आश्रय दिला आणि त्यांचा तळ अमीर खानाच्या मुलखांत टाकण्याचें ठरविलें. परके शस्त्रधारी आपल्या दाण्यागोट्यावर बसविले जात असतां ज्यानें दरवाजा लावून घेतला, त्यास बंडखोर म्हणणें ही दरबारची भाषा झाली. ब्रादोस्त व मुक्री कुर्दांच्या सरसकट कत्तलीचा हुकूमही मुनशीच नोंदवितो.

बेताची साक्ष निराळ्या जातीची आहे. ओस्कार मान यानें मुक्री बोलींतील पाठ विसाव्या शतकाच्या आरंभीं टिपला. मध्यें सुमारें तीनशें वर्षें गेलीं. कालनिर्णयास तो चालणार नाहीं. कित्येक कुर्द विद्वान त्यास राष्ट्रीय महाकाव्य मानतात, तेंही आम्हांस जपूनच घ्यावेंसें वाटतें. अमीर खान हा मुळांत शाहाचाच मनसबदार. तुटलेल्या हाताच्या जागीं सोन्याचा हात त्यास शाहानेंच करवून दिला, अशी हकीकत आहे. म्हणजे 'सोनेरी हाताचा खान' हें ज्या बिरुदानें बेत त्यास गौरवितो तें त्या चाकरीचीच खूण होय!

तरीही बेत टाकून देणें आम्हांस मान्य नाहीं. पुढें उर्मियाप्रांतीं अफशार तुर्क वसविले गेले, अनेक कुर्द टोळ्या खोरासानांत हलविल्या गेल्या. ज्यांचा मुलूख गेला त्यांची बाजू दरबारी दप्तरांत कोण लिहिणार? मानचा पाठ व ओर्दीखाने जलील यांनीं 1967 सालीं मॉस्कोस प्रसिद्ध केलेले पाठ शेजारीं ठेवून मुनशीच्या हकीकतीशीं एकेक प्रसंग ताडून पाहणें, हें काम फारसी व कुर्दी दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकानें हातीं घ्यावें.