नावानं हाक मारणारं गाणं

चिक्कडपल्लीतलं आमचं घर आरटीसी क्रॉस रोडच्या थिएटरांपासून चालत जाण्याइतकं जवळ. दिवसभर कानावर तेलुगू गाणी. तरी आमच्या मराठी मंडळींच्या घरी हळद असली, की सूर्यास्ताआधीची जेवणं आटोपल्यावर कुणीतरी ‘अश्विनी ये ना’ लावतंच. आणि १९८७ साली जन्मलीही नव्हती ती पोरं सगळ्यांत आधी उठून नाचतात. काय असेल बाई या गाण्यात?

‘गंमत जंमत’ हा सचिन पिळगावकरांचा चित्रपट १९८७चा. गीत शांताराम नांदगावकरांचं, संगीत अरुण पौडवालांचं, आवाज किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचे. किशोरकुमारांनी मराठीत मोजकीच गाणी गायली आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ते गेले. म्हणून गाणं टिकलं, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. मोठमोठ्या गायकांची कितीतरी गाणी आपण विसरलोच की!

पडद्यावर अशोक सराफ आणि शाहीर साबळ्यांची कन्या चारुशीला साबळे. अशोक सराफ तेव्हा चाळिशीचे. त्यांचं नाचणं नायकाचं नाही, लग्नात आग्रहानं उठवलेल्या शेजारच्या काकांचं वाटतं. म्हणूनच ते बघून कुणालाही वाटतं, एवढं तर मलाही जमेल. पण खरी गोष्ट पहिल्याच शब्दात आहे. लाडाची संबोधनं नंतर येतात. आधी तिचं नाव येतं, आणि मागोमाग ‘ये ना’ अशी विनवणी. हुकूम नाही.

आमच्या पिढीच्या बायकांना विचारा, नवऱ्यानं चारचौघांत नावानं कधी हाक मारली? ‘अगं’, ‘ऐकलंस का’, नाहीतर मुलाचं नाव घेऊन त्याची आई. माझं माहेरचं नाव शुभांगी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं गेलं आणि शुभांगी सोलापुरातच राहिली. तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

चित्रपटाबद्दल माझी तक्रार आहेच. पैशासाठी एका मुलीला पळवून नेण्यावर त्याची सगळी गंमत उभी आहे. आज ते बघताना हसू मध्येच अडखळतं. गाणं मात्र त्या कथेतून कधीच सुटून बाहेर आलं. हळदीत पोरं अश्विनीच्या जागी नवरीचं नाव घालतात. तीन अक्षरांचं असलं तर चपखल बसतं, दोन अक्षरांचं ओढून बसवतात. चाल कुणालाही आत घेते. गाणं टिकण्याचं एक कारण मला तिथे सापडलं.

एका हळदीत मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ‘शुभांगी ये ना’ म्हणून बघितलं. बसलं की हो! पण हसण्याऐवजी डोळे भरून आले. तीस वर्षांत ते नाव मी स्वतःही उच्चारलं नव्हतं.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं. तांदळाचं ताट पुढे आलं, आणि पंडितजींनी विचारलं, “सूनबाईंचं नवं नाव काय ठरवलंय?”

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “आहे तेच लिहा.”