देहूचा चमत्कार आणि जिजाई

फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, देहूला वारकऱ्यांची दाटी होते. तुकोबा वैकुंठाला गेले त्या माध्यान्हीच्या घटकेला नांदुरकीचा वृक्ष हलतो, अशी श्रद्धा आहे. त्या क्षणी भाविक झाडाकडे फुले उधळतात. आजी म्हणते, झाड हलले. नातू म्हणतो, वारा सुटला की कोणते झाड हलत नाही? इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या, ह्या कथेवरही हाच वाद. एक पक्ष म्हणतो, देवाने राखल्या. दुसरा म्हणतो, अभंग लोकांना मुखोद्गत होते, ते लोकांनीच राखले.

पण ह्या वादात खुद्द तुकोबांची साक्ष कोणी काढत नाही. गाथेत त्या प्रसंगाचे अभंग आहेत. पाण्यात कागद राखले गेले, असे ते सांगतात. परंतु त्यांत विजयाचा डंका नाही, खंत आहे. लोकनिंदेने आपण कासावीस झालो, उपाशी बसून देवाचा अंत पाहिला, हा आपला मोठा अन्याय, असा त्यांचा सूर आहे. ज्याच्यासाठी चमत्कार घडला म्हणतात, तोच म्हणतो की आपण देवाला उगाच शिणवले!

'प्रभात'चा 'संत तुकाराम' हा १९३६ सालचा बोलपट. दामले-फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात चमत्कार सढळ हाताने दाखवले आहेत. पागनीसांचा तुकाराम पाहताना हात आपोआप जोडले जातात. तरीही वह्या परत मिळतात तेव्हा आपल्याला वाटते ते समाधान 'दुष्टांची जिरली' ह्या जातीचे असते. अभंगातली खंत तेथवर पोचत नाही. हे ह्या थोर चित्रपटाचे उणेपण मानावे लागते.

ते भरून काढते गौरीने रंगवलेली जिजाई. आजारी लेकराला ओढत, हातात वहाण घेऊन ती थेट विठोबापुढे उभी राहते. देव नाही असे ती म्हणत नाही. देव असून माझ्या घरी चूल का पेटत नाही, हा तिचा सवाल आहे. विमान आकाशात जाते, तेव्हाही तिच्या वाट्याला चूल आणि मुलेच उरतात. चित्रपट तिला हसतो, पण खोटी पाडत नाही. कोणत्याही चमत्काराने तिचा प्रश्न सुटलेला नाही, हे प्रेक्षकाला कळते.

म्हणून आजीने आणि नातवाने हा चित्रपट एकत्र पाहावा आणि नंतर गाथा उघडावी. चमत्कार हा श्रद्धेचा पुरावा नव्हे, हे आजीला तुकोबाच सांगतील. आणि चमत्कार खोटा ठरवला म्हणजे जिजाईला उत्तर मिळाले असे होत नाही, हे नातवालाही उमगेल. झाड हलो वा न हलो, तो सवाल देहूच्या घाटावर अजून उभाच आहे.