पीठ मळणारे हात : लॅटिनो बालसाहित्यातील सणपरंपरेचे संक्रमण

अमेरिकेतील लॅटिनो समाजाच्या बालसाहित्यात नाताळाला जे स्थान आहे, ते अन्य कोणत्याही सणाला क्वचितच लाभले असेल. बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या निमित्ताने या पुस्तकांचा वर्गात वापरही होत आला आहे. मात्र अशा वापराविषयीचा एक आक्षेप जुना आहे. लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये त्याला ‘पर्यटकी अभ्यासक्रम’ असे नाव दिले. परक्या संस्कृतीला सणावारी भेट द्यायची, तिचे खाद्यपदार्थ चाखायचे आणि परत यायचे, अशी ही वृत्ती. या आक्षेपाचा रोख वर्गातील इतर मुलांवर आहे. ज्या घरचा तो सण आहे त्या घरातील मुलाच्या हाती तो नेमका कसा येतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर या पुस्तकांच्या अंतरंगातच शोधावे लागते.

तुलनेसाठी मेक्सिकोतच घडणारे एक पुस्तक प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल. मेरी हॉल एट्स आणि ऑरोरा लाबास्तिदा यांच्या ‘नाइन डेज टू ख्रिसमस’ (१९५९) या पुस्तकाला १९६० चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. मेक्सिको शहरातील सेसी ही लहान मुलगी पहिल्यांदाच स्वतःच्या ‘पोसादा’ची वाट पाहते आहे. १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री मेरी आणि जोसेफ यांच्या निवारा-शोधाचे जे अनुकरण घरोघरी होते, ते म्हणजे पोसादा. दाराबाहेरच्यांनी गाण्यातून आसरा मागायचा, आतल्यांनी आधी नाकारायचा आणि अखेर दार उघडायचे. सेसी बाजारातून ताऱ्याच्या आकाराची पिन्याता निवडते, आणि ती फोडली जाणार हे पाहून व्याकूळ होते. मुलीचे हे दुःख लेखिकांनी मोठ्या समजुतीने रेखाटले आहे. मात्र सण हरवेल अशी भीती या पुस्तकात कोणालाही नाही. बाजार, शेजारी, गल्ली, सारे शहरच तो मुलीपर्यंत पोहोचवीत आहे. आईवडिलांना त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

सीमा ओलांडली की ही गल्ली मागे राहते आणि तिचे सारे काम एकट्या स्वयंपाकघरावर येऊन पडते. गॅरी सोटो यांच्या ‘टू मेनी तमालेस’ (१९९३) या कथेत बाहेर बर्फ पडते आहे आणि आत मारिया आईसोबत तमाले करते आहे. मक्याचे पीठ सालीवर पसरायचे, त्यात मांसाचे सारण भरायचे, घडी घालून वाफवायचे, अशी ही कृती. मराठी वाचकाला हळदीच्या पानावरच्या पातोळ्या आठवाव्यात. आईचे ॲप्रन नेसून, तिच्यासारखेच ओठ रंगवून मारिया पीठ मळते. आईने काढून ठेवलेली हिऱ्याची अंगठी ती क्षणभर अंगठ्यात घालते आणि विसरते. पुढे अंगठी पिठात गेल्याच्या धास्तीने ती भावंडांना चोवीसच्या चोवीस तमाले खायला लावते. शेवटी आईपाशी कबुली द्यायला जाते, तर अंगठी आईच्याच बोटात असते.

या कथेतील विनोदाचीच चर्चा सहसा होते. वस्तुतः कथेचा गाभा त्यानंतरच्या प्रसंगात आहे. खाऊन संपलेल्या तमाल्यांच्या जागी दुसरी खेप करायला सारे घर पुन्हा ओट्याशी जमते. पहिली खेप करताना मारिया मोठे होण्याचा खेळ खेळत होती. दुसऱ्या खेपेत ती चूक कबूल केलेली व्यक्ती म्हणून कामाला लागते. परंपरा मुलाला उपदेशाने मिळत नाही. बिघडवण्याइतके काम त्याच्या हाती सोपवले आणि बिघडल्यावरही ते काढून घेतले नाही, तर मिळते. सोटो हे कुठेही उच्चारत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

कार्मेन लोमास गार्सा यांच्या ‘फॅमिली पिक्चर्स’ (१९९०) मध्ये हीच जाणीव चित्ररूपाने येते. टेक्सासमधील किंग्जव्हिल येथे बालपण घालवलेल्या या चित्रकर्तीने तमाले करणारे आपले अख्खे कुटुंब रंगवले आहे. आजोबांशेजारी दोघी बहिणी मक्याच्या वाळक्या साली भिजवायला मदत करत आहेत, आई पीठ पसरते आहे, काका-काकू मांस भरत आहेत, आजी घडी घातलेले तमाले रचते आहे. काही घरांत हे काम केवळ बायकाच करतात, आमच्या घरी सगळे करतात, अशी नोंदही लेखिका करते. सर्वांत कोवळ्या हातांना सर्वांत सोपे काम देणारी ही श्रमविभागणी एखाद्या पाठ्यक्रमापेक्षा कमी विचारपूर्वक नाही. दुसरी लक्षणीय बाब अशी की, या पुस्तकात इंग्रजी आणि स्पॅनिश मजकूर एकत्र छापला आहे. सोटो यांची मूळ कथा इंग्रजीत आहे आणि तिचा स्पॅनिश अनुवाद स्वतंत्र पुस्तकरूपाने आला. फरक मुद्रणाचा वाटतो, पण तो तेवढ्यापुरता नाही. इंग्रजीत शिकणारे नातवंड आणि स्पॅनिशच वाचणारी आजी एकच पान एकत्र उघडू शकतात की नाही, हे यावर ठरते. पदार्थ टिकला आणि भाषा गेली, तर मुलाला आजीच्या हातचे मिळते, तिच्या तोंडचे मिळत नाही.

येथे ‘लॅटिनो’ या शब्दाविषयी सावध राहायला हवे. पोर्तो रिकोच्या घरात तमाले नसून कच्च्या केळ्याच्या मिश्रणाचे, केळीच्या पानातले ‘पास्तेलेस’ असतात. तेथील मुले ५ जानेवारीच्या रात्री तीन राजांच्या उंटांसाठी खोक्यात गवत ठेवतात. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील पहिल्या पोर्तो रिकन ग्रंथपाल पुरा बेलप्रे यांनी तीन राजांचा हा सण ग्रंथालयातच साजरा करण्याचा पायंडा पाडला. जे गल्लीने करायचे ते एका सार्वजनिक संस्थेने करण्याचे हे उदाहरण या साहित्याच्या चर्चेत दुर्लक्षित राहते. ६ जानेवारी हा तीन राजांचा दिवस मेक्सिकन घरांतही मुलांच्या भेटवस्तूंचा दिवस असतो.

वरील पुस्तकांवरचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. त्यांतील सणाला खर्च पडत नाही. अंगठी हरवत नाही, पीठ कमी पडत नाही. तोमास रिवेरा यांच्या ‘... इ नो से लो त्रागो ला तिएर्रा’ (१९७१) मधील नाताळच्या आदल्या रात्रीची कथा बालवाचकांसाठी नाही, परंतु या बालपुस्तकांशेजारी ठेवून ती वाचल्याशिवाय विषय पुरा होत नाही. स्थलांतरित शेतमजुरांच्या या घरात आई मुलांना दरवर्षी सांगते की भेटी ६ जानेवारीला येतील. तो दिवस येईपर्यंत मुले विसरून जातात. म्हणजे येथे परंपराच दारिद्र्य झाकण्यासाठी वापरली जाते, आणि वापरणारी आई आहे. या वर्षी मुले विचारू लागतात, तेव्हा घराबाहेर फारशी न पडणारी ती बाई स्वतः खेळणी आणायला दुकानात जाते. गर्दीने घाबरून, भान हरपून ती पैसे न देताच बाहेर पडू लागते आणि चोर म्हणून पकडली जाते. सोटोंच्या कथेत मारिया आईपाशी कबुली देते. रिवेरांच्या कथेत आईलाच झडती द्यावी लागते.

घरी परतल्यावर आईवडिलांचे बोलणे मुले दाराआडून ऐकतात. त्यांना सारे कळत नाही, तरी ती गप्प राहतात. नेहमीप्रमाणे तीन राजांच्या दिवसाची वाट पाहतात. तो दिवस भेटीवाचून येतो आणि जातो, आणि मुले कोणतेही स्पष्टीकरण मागत नाहीत.