एक हृदय, एक आत्मा आणि मेतकूट

जर्मन शिकताना जे वाक्प्रचार भेटतात, त्यांत सगळ्यांत गोड 'आइन हेर्त्स उंट आइने झेले'. म्हणजे एक हृदय आणि एक आत्मा. दोघांचं अगदी छान जुळलं की जर्मन माणूस असं म्हणतो. शब्द बायबलातले, पहिल्या ख्रिस्ती मंडळींच्या एकोप्याबद्दलचे. मार्टिन लूथरच्या भाषांतरातून ते घरोघर पोचले.

१९७३ साली पश्चिम जर्मनीत वोल्फगांग मेंगे यांची याच नावाची टेलिव्हिजन-मालिका सुरू झाली. आत बघावं, तर आल्फ्रेड टेट्झलाफ नावाचे गृहस्थ बायकोवर, एल्झेवर, खेकसताहेत आणि घरातच राहणाऱ्या जावयाशी राजकारणावरून भांडताहेत! कल्पना एका ब्रिटिश मालिकेवरून घेतलेली. पण नाव अस्सल जर्मन, आणि निम्मी गंमत त्या नावातच.

माझ्या मते मेंगे यांनी या वाक्प्रचाराला बरोबर खिंडीत गाठलंय. दोघांत हृदय एकच म्हटलं, की ते कुणाचं, हा प्रश्न आलाच. टेट्झलाफांच्या घरी ते आल्फ्रेडचं. एल्झेच्या वाट्याला नुसती बोलणी. असली 'एकजीव' घरं पाहायला जर्मनीपर्यंत कशाला जायला हवं?

त्यापेक्षा आपलं मेतकूट जमलेलं बरं. डाळी, तांदूळ, मोहरी, मेथी सगळ्यांना आधी भाजून निघावं लागतं, मग दळून घ्यावं लागतं, तेव्हा कुठे जमतं. आणि जमल्यावरही मेथी आपला कडूपणा राखून असते. आमच्या घरात मेथी कोण, ते मात्र विचारू नका!